सातव्या दिवसाची फुंक

बोटीवर चढायच्या सहा दिवस आधी मी जेवण बंद केलं.

त्याच दिवशी माझी मुलगी स्वरूपा सांगलीहून माझी बॅग भरायला आली. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मी इचलकरंजीच्या घरातून फारसा बाहेर पडलो नव्हतो. बाप आता माणसांत यायला लागला, असं तिला वाटत होतं. येताना तिनं डबाभर भडंग करून आणलं होतं.

"आप्पा, घरचं खाणं बोटीवर नेऊ देत नाहीत म्हणे. हे इथंच संपवा."

"पोट बरं न्हाई. ठेव तिकडं."

"सहल म्हटल्यावर तुमचं पोट कधी बरं असतं? आईला श्रवणबेळगोळला नेतानाही हेच सांगत होता."

तिनं इस्त्री बॅगेतून काढून ठेवली, लांब वायरचा बोर्ड काढला. आगीच्या भीतीनं बोटीवर दोन्ही चालत नाहीत. मोठी बॅग धक्क्यावरच घेतात आणि संध्याकाळी खोलीच्या दारात आणून ठेवतात, म्हणून औषधं, चष्मा आणि एक जोड कपडे तिनं खांद्यावरच्या पिशवीत घातले. मग कपाटाला पांढरी चादर लावून माझा फोटो काढला आणि लॅपटॉपवर चेक-इन भरायला बसली.

"जैन जेवण लिहिलंय. सूर्यास्ताच्या आत द्या, असंही टाकलंय. चढायची वेळ एक ते दीड. आता प्रकृतीचे प्रश्न. मधुमेह?"

"न्हाई."

"शेवटच्या चोवीस तासांत कोणतं जेवण चुकलं? हे धक्क्यावर परत विचारतील."

"रात्री जेवत न्हाई म्हणून सांगीन."

तिची बोटं थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. त्या एका उत्तरानं तिची आई गेली होती, हे तिला माहीत होतं.

मी पंचेचाळीस वर्षं मागावर जॉबर होतो. बिघडलेला माग चालू करून द्यायचा, हे माझं काम. शिक्षण सातवी. तरी फुंकणीचं सगळं मी शिकून घेतलं, कारण तिनं माझी बायको मारली.

यंत्राचं कंपनीनं ठेवलेलं नाव 'प्राणदर्शी'. आमच्याकडं फुंकणीच म्हणतात. नळीत आठ सेकंद फुंकायचं. श्वासात दीडशे-दोनशे वायू असतात, ते ती मोजते आणि चाळीस आजार सांगते. रक्त काढायला नको, सुईचा कचरा नको. ती आल्यावर चार-पाच वर्षांत दवाखान्यांतून बोट टोचून साखर बघायची पद्धत गेली. नव्या पोरांना ती येतही नाही.

आता तिची खोट सांगतो. शरीराला साखर मिळाली नाही की ते चरबी जाळतं. चरबी जळाली की ॲसिटोन नावाचा वायू तयार होतो आणि तो श्वासातून बाहेर पडतो. साखर न मिळायची कारणं दोन. एक, मधुमेहाच्या माणसाच्या रक्तात साखर भरपूर असते, पण इन्सुलिन नसल्यानं ती पेशीत शिरत नाही. दुसरं, माणूस जेवलेलाच नसतो. श्वास दोघांचाही सारखाच येतो. पहिल्याला इन्सुलिन दिलं नाही तर तो मरतो. दुसऱ्याला दिलं तर तो मरतो.

मागाचं असंच असतं. धागा तुटला तरी माग थांबतो, कांडीवरचं सूत संपलं तरी थांबतो. कशानं थांबला ते जॉबरनं जवळ जाऊन हात लावून बघायचं. लांबूनच 'धागा तुटला' म्हणून जो ठरवतो, त्याला आम्ही जॉबर म्हणत नाही.

फुंकणीला श्वास ओळखायला शिकवलं ते मोठ्या शहरांतल्या आजारी माणसांवर. भाद्रपदात आमच्याकडं बायका दहा-दहा दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाचं तिला कळायचं ते फक्त त्या एका प्रश्नातून. आणि आमच्या गावात निम्मी माणसं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. दवाखान्यातली मुलगी कुणालाही विचारायची, "रात्री जेवलात?" उत्तर यायचं, "रात्री जेवत न्हाई." ती 'रात्रीचं जेवण चुकलं' यावर खूण करायची. सगळ्यांच्याच कागदावर तीच खूण असायची.

विजयमालाचा त्या दिवशी सातवा उपवास होता. चक्कर आली म्हणून मी तिला डॉक्टर अभय मगदूमच्या दवाखान्यात नेलं. मुलीनं विचारलं, हिनं सांगितलं, "रात्री जेवत न्हाई, बाई." उपवास मोठ्यानं सांगत फिरायची तिला सवय नव्हती. यंत्रानं हिशेब केला. एकच जेवण चुकलंय आणि ॲसिटोन एवढा, म्हणजे साखरेचा झटका.

मुलगी चुकली, यंत्र चुकलं, ते मी सोडून देतो. पण मगदूमला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, तो हिला भेटला होता. "काकू, सहावा ना? जपा," असं माझ्यासमोर म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी तोच माणूस खोलीत आला, पडद्यावरचा लाल आकडा बघितला आणि सिस्टरला म्हणाला, "लावा."

इन्सुलिनची पट्टी दंडाला लावतात. केसाएवढ्या सुया असतात, बटण दाबलं की औषध जातं. ॲसिटोन काही लगेच उतरत नाही, म्हणून यंत्रानं अर्ध्या तासानं दुसरा डोस सांगितला. तोही दिला. मी बाहेर बाकावर बसलो होतो. झोप लागलीय म्हणाले.

चौकशी झाली. यंत्राचं मोजमाप बरोबर, कागदावरचं उत्तर बरोबर, डॉक्टर नियमाप्रमाणे वागले. कुणाचीच चूक नाही. आणि मगदूमनं समितीला सांगितलं, "उपवासाची मला कल्पना नव्हती."

महिनाभरात दवाखाना विकून तो गावातून गेला. कुठं गेला, कळत नव्हतं. मग यंदा भाद्रपद सरल्यावर, आमच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात तेव्हा, माझ्या फोनवर त्याचा निरोप आला. 'कळत-नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.' शेकडो लोकांना एकदम पाठवलेला निरोप, त्यात माझाही नंबर राहून गेलेला. खाली पांढऱ्या गणवेशातला त्याचा फोटो. वैद्यकीय अधिकारी, नीलवर्णा, मुंबई ते लक्षद्वीप. चढणाऱ्या प्रवाशांची फुंकणीवरची तपासणी त्याच्याच ताब्यात होती.

मी नीलवर्णाचं तिकीट काढलं.

माझा बेत सरळ होता. सात दिवस उपवास करायचा. धक्क्यावर तेच उत्तर द्यायचं. फुंकणी लाल होईल, मगदूम येईल, आणि तो पुन्हा "लावा" म्हणेल. एकदा झालं त्याला अपघात म्हणाले. तोच माणूस, तेच यंत्र, नवऱ्यालाही तसंच मारलं, तर काय म्हणतील? खिशातला फोन सगळं टिपत राहील आणि ते रात्री आपोआप स्वरूपाकडं जाईल. माझी साखर खरी किती होती याचा पुरावा लागणार होता. बोट टोचायचं जुनं मीटर मला जनावरांच्या डॉक्टरकडं मिळालं. म्हशीला फुंक म्हणून सांगता येत नाही, म्हणून त्यांच्याकडं अजून सुई आहे.

मला जगायचं नव्हतं असं नाही. पण माझ्या जगण्यापेक्षा त्याचं बुडणं मला मोठं वाटत होतं. स्वरूपाचं काय, हा विचार आला की मी उठून दुसरं काही काम करायचो.

*

धक्क्यावर मी साडेबाराला पोचलो. डोकं हलकं झालं होतं, पाय जड. हमालानं मोठी बॅग घेतली, तिच्यावर माझ्या खोलीचा नंबर अडकवला. समोर नीलवर्णा उभी होती. दहा मजली सूतगिरणी पाण्यात उभी करावी तशी.

रांगेत पुढं नाशिकचं एक जोडपं होतं. नवरा गोल चेहऱ्याचा, टोपी घातलेला.

"पहिल्यांदाच का काका?"

"हो."

"आमचंही पहिल्यांदाच. हिनं चार बॅगा भरल्यात. मी म्हटलं, बोट बुडाली तर ती तुझ्या साड्यांनीच."

"गप्प बसा हो," बायको म्हणाली. "काका, तुम्ही एकटेच? काकू नाही आल्या?"

"न्हाई."

"बोट लागते का त्यांना?"

मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. ती ओशाळली आणि पुढं बघायला लागली.

स्वच्छतागृहात जाऊन मी बोट टोचलं. साखर अठ्ठावन्न. मीटरचा आकडा आणि वेळ फोनवर घेतली, फोन चालू ठेवूनच वरच्या खिशात घातला. मग फुंकणीपुढं उभा राहिलो.

"सर, कालपासून कोणतं जेवण चुकलं?" तिथल्या मुलीनं विचारलं.

"रात्री जेवत न्हाई."

तिनं खूण केली. मी फुंकलं. आठ सेकंद मला दम पुरला नाही, तिनं परत फुंकायला लावलं. दारावरचा दिवा लाल झाला.

"सर, घाबरू नका हं. जरा आत बसू या."

त्यांनी मला चाकाच्या खुर्चीतून शेजारच्या खोलीत नेलं. मागं बोटीकडं जायचं दार बंद राहिलं, कारण लाल माणसाचा निकाल लागल्याशिवाय पुढचा माणूस सोडायचा नाही, असा नियम होता. बाहेर नाशिककराचा आवाज आला, "आता काय, संध्याकाळपर्यंत इथंच का?"

सिस्टरचं नाव रोझलिन. वसईची होती. तिनं माझी बाही वर केली, ट्रेमध्ये पट्टी काढून ठेवली. "डॉक्टर येतायत, अंकल. दोन मिनिटं."

मगदूम आला. केस पांढरे झाले होते. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, आधी पडद्याकडं बघितलं. मी एका आठवड्यात सहा किलो उतरलो होतो, दाढी वाढली होती. पडद्यावर माझं नाव मोठ्या अक्षरात होतं, पण तो आकडे बघत होता.

मी "लावा" या शब्दाची वाट बघत होतो.

"सिस्टर, बाहेरच्यांना जरा शांत करा. मी बघतो यांचं."

ती गेली. त्यानं दाराला आतून कडी घातली. मग चष्म्याच्या डबीतून एक मीटर काढलं. माझ्या खिशात होतं तसलंच. काही न विचारता माझं बोट टोचलं. आकडा बघून खुर्चीत बसला.

"सत्तावन्न," तो स्वतःशीच म्हणाला. "आजोबा, उपवास आहे का तुमचा?"

"आहे."

"कितवा?"

"सातवा."

आता त्यानं वर बघितलं. मग पडद्यावरचं नाव वाचलं.

"भूपालअण्णा?"

"ओळखलं म्हणायचं."

"अण्णा, तुम्ही… तुम्ही मला मारायला आलाय?"

"न्हाई. तुमच्या हातनं मरायला आलोय. पण तुम्ही सुई टोचलीसा. हे कधीपासनं?"

त्यानं मीटर मेजावर ठेवलं. मग म्हणाला, "काकू गेल्या त्या दिवसापासून. त्यानंतर प्रत्येक लाल माणसाचं बोट मी स्वतः टोचतो. कंपनीला चालत नाही, म्हणून दार लावून. अण्णा, तुम्हाला खोटं वाटेल, पण दोन वर्षांत अकरा माणसं वाचवलीत मी. अकरा वेळा फुंकणी चुकली. कुणी उपवासाचं, कुणी वजन उतरवायला जेवण सोडलेलं. एकालाही पट्टी लागू दिली नाही."

तो हे असं सांगत होता, की मी त्याच्या पाठीवर हात ठेवावा. दोन वर्षं मी त्याला निष्काळजी समजत होतो. आता कळलं, यंत्र चुकतं हे तो पहिल्यापासून जाणून होता.

"कुणाला कळवलंसा?"

त्यानं मीटर उचलून परत डबीत घातलं.

"अकरा वेळा तुम्हाला दिसलं यंत्र चुकतंय म्हणून. कागदावर काय लिहिलंसा?"

"लिहायचो की… नळी ओली होती, परत फुंकवलं, ठीक आलं."

"का?"

"नियम असा आहे अण्णा, की डॉक्टरनं 'निष्कर्ष चुकीचा' असं एकदा जरी लिहिलं, तर तपासणी होईपर्यंत त्या जातीची सगळी यंत्रं बंद पडतात. राज्यभरातली. मग जुन्या सगळ्या केसेस उघडतात."

"आणि हिची पण उघडली असती."

"हो."

"आणि बस्तीतलं बोलणं बाहेर आलं असतं."

त्यानं मान खाली घातली. "मला पोरं आहेत, अण्णा."

"राज्यात फुंकण्या किती?"

"चार हजारांच्या वर."

"तितक्या ठिकाणी चष्म्याच्या डबीत मीटर ठेवणारा डॉक्टर आहे?"

तो उठला. हात जोडले. "मी तुम्हाला हिरवा करून देतो. बोटीवर चला. पाच दिवस तुमची सेवा करतो. पाय धरतो. मुंबईला परत आल्यावर जे म्हणाल ते—"

"डॉक्टर, खाली बसा."

मी ट्रेमधली पट्टी उचलून दंडावर लावली. सुया टोचल्या. अंगठा बटणावर ठेवला.

"अण्णा! काढा ती! यंत्रानं त्यात पूर्ण डोस सोडलाय!"

"ठाऊक आहे. जवळ येऊ नका, दाबीन. दार तुम्हीच आतनं लावलंय. साखर तुम्हीच बघितलीसा. बोललासा ते सगळं माझ्या खिशात आहे. आता मी मेलो तर तुम्हाला काय म्हणून धरतील, ते तुम्हीच ठरवा. लिहा."

"काय लिहू?"

"जे झालं ते."

बाहेर लोक दार वाजवायला लागले होते. रोझलिन हाक मारत होती, "डॉक्टर, कॅप्टनचा फोन आहे." तो पडद्यापुढं बसला. अक्षरं चुकत होती, तो खोडत होता. माझा अंगठा बटणावरच होता. सात दिवस पोटात काही नव्हतं, डोळ्यांपुढं मधूनच काळं येत होतं. तसाच बेशुद्ध पडलो असतो तर अंगठ्याचा भार बटणावर गेला असता. ते त्यालाही दिसत होतं, म्हणून तो घाई करत होता. त्याला घाई करताना बघायला मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

"वाचा," मी म्हणालो.

"'यंत्राचा निष्कर्ष चुकीचा. रक्तातली साखर सत्तावन्न, रुग्ण उपवासाचा. अशा अकरा चुका मी यापूर्वी दडवल्या.'"

"पुढं."

"अण्णा…"

"पुढं लिहा. पहिली कोण ते लिहा."

त्यानं लिहिलं. मी वाचायला लावलं. "'विजयमाला भूपाल चौगुले, इचलकरंजी. त्यांचा उपवास चालू आहे हे मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी बोट टोचून बघितलं नाही. चौकशीत मी खोटं सांगितलं.'"

"पाठवा."

त्यानं कळ दाबली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पडदा पांढरा झाला आणि बाहेरच्या सगळ्या दारांवरचे दिवे विझले. मी अंगठा काढला आणि पट्टी सोलून ट्रेमध्ये टाकली. दंडावर बारीक ठिपक्यांची चौकट उमटली होती.

*

बोट अडीच तास उशिरा सुटली. कंपनीनं दोन डॉक्टर बोलावून प्रवाशांना जुन्या पद्धतीनं तपासलं, नाडी बघून आणि प्रश्न विचारून. नाशिककर जाताना मला म्हणाला, "काका, बरं वाटतंय ना?" त्याला काय झालं ते कळलं नव्हतं. त्याच्या बायकोला थोडंफार कळलं असावं. ती माझ्याकडं बघून थांबली आणि मग निघून गेली.

मगदूमला आणि मला धक्क्यावरच्या पोलीस चौकीत नेलं. फौजदार तरुण होता. राज्यभरातल्या फुंकण्या बंद पडल्यानं त्याचा फोन सारखा वाजत होता. त्यानं मगदूमला कोरे कागद दिले आणि सविस्तर जबाब लिहायला बसवलं. मला धमकीबद्दल विचारलं. मी कबूल केलं. तोही गुन्हा असेल तर असू दे म्हणालो.

स्वरूपाचा फोन आला. "आप्पा, चढलात का? कसंय आत?"

"चढलो न्हाई. मगदूमला उतरवून घेतलं."

 मग ती रडत म्हणाली, "तुम्ही कितवा उपवास करताय?" मी सांगितलं. "आप्पा, मला विचारायचं तरी. मला आई पण न्हाई नि बाप पण न्हाई, असं करणार होतासा?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "मी निघालेय. आधी काहीतरी खा."

साडेपाच झाले होते, उजेड अजून होता. रोझलिननं कुठूनतरी मुगाचं पाणी करून आणलं, वाटी आणि चमचा. तिला कुणी सांगितलं, माहीत नाही.

आमच्यात पारणं स्वतःच्या हातानं करत नाहीत. उपवास सोडवायला घरचं, गावातलं कुणी आपलं माणूस पहिला चमचा तोंडाशी धरतं. चौकीत माझ्या गावचा, माझ्या धर्माचा एकच माणूस होता. वाटी बघून मगदूमनं पेन खाली ठेवलं. उठून माझ्यापुढं आला आणि चमच्याकडं हात केला. त्याचे डोळे भरले होते.

"एवढं तरी करू द्या, अण्णा."

"हात मागं घ्या," मी म्हणालो. "तुमचा जबाब अर्धा राहिलाय. लिहा."

तो जागेवर जाऊन बसला. मी वाटी उचलली आणि त्याच्यासमोर बसून स्वतःच्या हातानं प्यालो. सावकाश, संपेपर्यंत. तो लिहीत राहिला. मध्येच थांबला की मी त्याच्याकडं बघायचो.